मुक्त, मोफत आणि मोडी

इंग्रजीतील 'फ्री' या शब्दात विनामूल्य आणि बंधमुक्त असे दोन अर्थ एकत्र नांदतात. मराठीने त्यांसाठी मोफत आणि मुक्त असे दोन शब्द वेगळे राखले आहेत; तरीही संगणकप्रणालींच्या चर्चेत त्यांची गल्लत होतेच. चेन्नईच्या सी-डॅकमध्ये घडलेली, २००७ साली प्रथम प्रसृत झालेली 'बॉस' ही प्रणाली मराठीसह अनेक भारतीय भाषांत वापरता येते. ती मोफत आहे, यात शंका नाही. मुक्त आहे काय, हा खरा प्रश्न.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली ग्नू प्रकल्प जाहीर केला. प्रणाली हवी तशी चालविणे, तिची मूळ संहिता अभ्यासून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे ही चार स्वातंत्र्ये त्या चळवळीची कसोटी ठरली. 'बॉस' ज्या डेबियनवर उभी आहे, त्या डेबियनलाही स्टॉलमन यांच्या फाउंडेशनने मान्यता दिलेली नाही. डेबियनचा मुख्य संग्रह मुक्त असला, तरी शेजारी अमुक्त आज्ञावलींचा संग्रहही आहे. २०२२ च्या मतदानानंतर तर यंत्रभागांना लागणारे बंद फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचातच आले. त्याच्या अभावी काही संगणकांवर वायफाय वा ध्वनी चालत नाही. आणि ध्वनीवाचून अनेक अंध व्यक्तींना प्रणाली स्वतः बसविणे कठीण जाते. एका बाजूला तत्त्व, दुसऱ्या बाजूला माणूस, असा हा पेच आहे.

तमिळनाडूतच तंजावरच्या सरस्वती महालात मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रे आहेत. मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते २०१४ साली. तिची अक्षरे जुळविणाऱ्या आज्ञावलीत उणीव राहिली, तर मूठभर वाचकांसाठी श्रम घेण्याचे कारण कोणत्याही उत्पादकाला नाही. मूळ संहिता खुली असेल, तर जाणकार अभ्यासक ती उणीव स्वतः दूर करू शकतो. अल्पसंख्य वाचकांच्या लिपीला मोफतपणाहून हे स्वातंत्र्य अधिक मोलाचे आहे.

काही पाने गहाळ झाली म्हणून संपादक पोथी टाकून देत नाही. पण ती पूर्ण आहे असेही छापत नाही. खंडित जागा तो दाखवितो. बंद फर्मवेअर बाळगणाऱ्या प्रणालीलाही हाच न्याय लावावा: ती वापरावी, मात्र तिचा कोणता भाग बंद आहे, हे तिच्या पहिल्याच पानावर सांगितलेले असावे.