पाणी उतरल्यावर

बी.एड.च्या वर्षी शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात पावलोव्हचा कुत्रा हमखास यायचा. घंटा वाजते, खाणं येतं, काही दिवसांनी नुसत्या घंटेनेही लाळ सुटते. पाच मार्कांची टीप. मी ती पाठ केली, लिहिली, मार्क घेतले आणि विसरून गेलो. त्या टीपेत जे नव्हतं ते फार उशिरा कळलं. तेही एका कुत्रीकडून, आणि हाताला दात लागल्यावर.

२०२१ची बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्या दिवशी पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. अम्मीला आम्ही जिन्याने वर नेलं तेव्हा खालच्या घरात फ्रिज तरंगत होता, त्यात कुर्बानीचं गोश्त होतं. शेजाऱ्यांची तांबूस कुत्री लाली मागच्या अंगणात बांधलेली असायची. त्यांनी घाईघाईत तिला न्हाणीघराच्या स्लॅबवर चढवलं, पण साखळी सोडायची राहून गेली. दिवसभर ती तिथे उभी होती. पाणी तिच्या मानेपर्यंत आलं. आम्ही वरून बघत होतो आणि काही करू शकत नव्हतो. तिचं भुंकणं कधी थांबलं ते मला आठवत नाही.

पाणी उतरलं. चिखल काढता काढता शेजारी खचले आणि मुलाकडे पुण्याला गेले. लाली मागे राहिली आणि आमच्या जिन्याखाली येऊन बसली. आम्ही शाफई. कुत्र्याची लाळ भांड्याला लागली तर ते सात वेळा धुवायचं, त्यातलं एकदा मातीने. त्यामुळे मला वाटलं, अम्मी तिला हाकलणार. अम्मीने नारळाची करवंटी घेतली, त्यात पाणी भरलं आणि पायरीवर ठेवलं. म्हणाली, "घरात नको. पण तहानलेल्या कुत्र्याला मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याची मगफिरत झाली, ही हदीस तू मुलांना शिकवतोस ना?" करवंटी खराब झाली की टाकून द्यायची. मसला मिटला.

हिवाळ्यापर्यंत लाली बरी झाली असं आम्ही समजलो. नवखं माणूस दिसलं की भुंकायची, मला बघून शेपूट हलवायची. मग २०२२चा जून आला. पहिल्या मोठ्या सरीत गच्चीवरचं पाणी जिन्यावरून वाहू लागलं. बारीकशी धार, बोटभर रुंद. ती बघून लाली वर पळाली आणि गच्चीचा बंद दरवाजा ओरबाडू लागली. नखांतून रक्त आलं. मी गेलो, तिच्या गळ्यातला पट्टा धरला आणि तिला खाली ओढलं. ती चावली.

जखम पंधरा मिनिटं नळाखाली साबणाने धुतली आणि सरकारी दवाखाना गाठला. पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी इंजेक्शन. (वाचकांनो, कुत्रा ओळखीचा असला तरी हे टाळू नका.) रागाने मी ठरवलं होतं की ही कुत्री आता इथे नको. पण हात बांधून घरी बसलो असताना वाचायला वेळ होता, आणि वाचता वाचता पावलोव्ह पुन्हा भेटला.

सप्टेंबर १९२४मध्ये लेनिनग्राडला नेवा नदीचा पूर आला. पावलोव्हचे कुत्रे पिंजऱ्यांत अडकले. पाणी जवळजवळ छतापर्यंत चढलं. पिंजऱ्यांचे दरवाजे खाली, म्हणून सुटका करताना कुत्र्यांची डोकी पाण्याखालून काढावी लागली. कुत्रे वाचले. पण त्यातल्या काहींनी महिनोन्‌महिने शिकलेलं सगळं पुसलं गेलं. काहींना फारसं काही झालं नाही. पूर एकच, पण प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ज्यांचं बिघडलं होतं त्यांना हळूहळू पुन्हा शिकवलं. मग प्रयोगशाळेच्या दाराखालून मुद्दाम पाण्याची एक धार आत सोडली, आणि सावरलेला कुत्रा पुन्हा कोसळला.

बोटभर धार. मी ती माझ्याच जिन्यावर पाहिली होती.

भीतीची आठवण पुसली जात नाही, हे यातून कळतं. तिच्यावर नवी, सुरक्षित आठवण बसवावी लागते, आणि जुनी खाली तशीच राहते. लालीला वाटत होतं, वर गेलं तरच जीव वाचेल. मी गळ्याला धरून तिला खाली ओढलं. पुराच्या दिवशी साखळीने केलं तेच मी केलं.

अमेरिकेतला दुसरा एक प्रयोगही वाचला. १९६७मध्ये सेलिगमन आणि मायर यांनी काही कुत्र्यांना असे विजेचे धक्के दिले की कुत्र्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर पळायची वाट मोकळी असूनही त्यातले बरेच कुत्रे जागेवरच पडून राहिले. क्रूर प्रयोग, वाचवत नाही. तेव्हा त्याला 'शिकलेली असहायता' म्हटलं गेलं. पण २०१६मध्ये त्याच दोघांनी लिहिलं की आपण उलट समजलो होतो. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं आपोआप येतं. शिकावं लागतं ते हे, की आपल्या करण्याने काहीतरी बदलतं.

मी शिक्षक आहे. हे वाचून मला लाली आठवायच्या आधी सहावीतला एक मुलगा आठवला. चावण्याच्या आदल्याच दिवशी पाऊस लागला तसं त्याने दप्तर भरायला घेतलं होतं. मी त्याला उभं केलं आणि म्हटलं, "एवढा मोठा झालास, पावसाला घाबरतोस?" वर्ग हसला. तोही हसला. त्याचं घर नदीकाठी आहे हे मला माहीत होतं.

घरी अम्मीने तिच्या पद्धतीने सुरुवात केली. गच्चीचा दरवाजा उघडा ठेवायचा, लालीला वर जायचं तर जाऊ दे. असरच्या नमाजनंतर रोज त्याच वेळी भाकरीचा तुकडा वरच्या पायरीवर. काही दिवसांनी एक पायरी खाली. हाक नाही, ओढणं नाही. ती आली नाही तर तुकडा तिथेच. पाऊस नसताना अम्मी तांब्याने थेंबभर पाणी लांबच्या पायरीवर सांडायची आणि लगेच भाकरी द्यायची. अम्मी चौथी शिकली आहे. पावलोव्हचं नाव तिने ऐकलेलं नाही.

वर्गात मी त्या मुलाला दाराजवळची जागा दिली. सांगितलं, "पाऊस लागला की उठून व्हरांड्यातून ओढा बघून ये. विचारायची गरज नाही." पहिल्या आठवड्यात तो एका तासात चार वेळा उठायचा. बाकीच्या मुलांची कुजबुज झाली. ऑगस्टमध्ये एकदा धो धो पाऊस लागला. त्याने दाराकडे पाहिलं, मग वहीकडे, आणि लिहीत राहिला. त्या हशाबद्दल मी त्याची माफी मागितली, पण एकट्याला गाठून. मागायला हवी होती वर्गासमोर. ते अजून माझ्याकडून झालेलं नाही.

लाली पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. साखळीचा आवाज आला तर आजही तिला मुतायला होतं. मोठ्या पावसात ती चढते, पण आता तिसऱ्या पायरीवर थांबते. आणि अम्मी? पाऊस लागला की रात्री दोनदा उठून दार उघडते आणि गल्लीत पाणी आलंय का ते बघते. लाली मान उचलून तिच्याकडे बघते. अम्मी म्हणते, "काही नाही गं." मग दोघी झोपतात.