कात्रजच्या आगम मंदिरातून देशाच्या नावाकडे

कात्रज म्हटले की पुणेकरांना पेशवेकालीन तलाव आठवतो. साताऱ्याच्या वाटेवरील टेकडीवरचे जैन आगम मंदिर मात्र आपल्या देशाच्या नावाशी नाते सांगते. मंदिराचे नाव ज्या आगमांवरून आले, त्यांतील जंबूद्वीपप्रज्ञप्तीमध्ये ऋषभदेवांचे पुत्र भरत चक्रवर्ती यांच्या षट्खंड-विजयाचे सविस्तर वर्णन आहे. पूजेच्या वेळी ‘भरतक्षेत्र’ हा शब्द घरोघरी उच्चारला जातो, पण तो उच्चारताना भरत क्वचितच आठवतात. आरसेमहालात बोटातील मुद्रिका गळून पडताच त्यांना अनित्यतेचा बोध झाला आणि केवलज्ञान प्राप्त झाले, असे श्वेतांबर परंपरा सांगते. या नावामागे विजय आहे तसा त्यागही आहे. मिरवला जातो तो बहुधा विजयच.

शाळेत दुष्यंतपुत्र भरताची कथा शिकवली जाते. तथापि भागवताचा पाचवा स्कंधही ऋषभपुत्र भरताचेच नाव या भूमीला देतो. ओडिशातील हाथीगुंफेचा शिलालेख जैन राजा खारवेलाचा, सुमारे इ.स.पू. पहिल्या शतकातला. अर्हंतांना नमस्कार करून आरंभ होणाऱ्या त्या प्राकृत लेखात ‘भरधवस’ म्हणजे भारतवर्ष हा शब्द कोरलेला आहे.

18 सप्टेंबर 1949 रोजी घटनासमितीत हरि विष्णू कामत यांनी आयर्लंडच्या 1937 च्या संविधानाचा दाखला दिला. तेथे ‘एरे’ हे आयरिश नाव आधी येते, इंग्रजी नाव नंतर. त्याच धर्तीवर ‘भारत’ आधी यावे, ही त्यांची दुरुस्ती 38 विरुद्ध 51 मतांनी फेटाळली गेली.