हजाराच्या आतली बाटली

कलबुर्गी

चि. भाचेबुवा,

तुझ्या आईला यातलं अक्षर कळणार नाही, निर्धास्त राहा. पुण्याहून बदली होऊन भालकीला आल्यापासून तुम्हा नवरा-बायकोची शनिवारची वाइन सुटली, आणि हजाराच्या आत इकडे बरी बाटली कुठली मिळेल, असं तू विचारलंस. मिळते. फक्त पुण्यात कंपनी बघून घेत होतास, इथे आधी दुकान बघ.

आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. वाइन पंचविसाच्या पुढे फार दिवस राहिली की फळाचा वास जातो, शिजवल्यासारखी चव येते. त्यातून आपल्या बाजूच्या दुकानांत खप व्हिस्की, रम आणि बियरचा. वाइनच्या चार बाटल्या वरच्या फळीवर ट्यूबलाइटखाली उभ्या असतात, आणि त्या कधी आल्या हे मालकालाही आठवत नाही. तिथे दीड हजाराची बाटली घेतलीस तरी पैसे पाण्यात. म्हणून जिथे वाइन खपते, तेच दुकान धर, म्हणजे ताजा माल येत राहतो. भालकीत तसं सापडलं नाही तर बिदरला किंवा इकडे आलास की घेऊन जा, मात्र उन्हात गाडीच्या डिकीत दिवसभर ठेवू नकोस.

दुसरं, बाटलीवरचं वर्ष वाच. आपल्याकडच्या द्राक्षांची खरड छाटणी एप्रिलमध्ये, फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास, आणि काढणी जानेवारी ते मार्च. लेबलवरचं वर्ष या काढणीचं. पांढरी वाइन चालू किंवा गेल्या वर्षाची असेल तरच घे. वर्ष छापलेलं नसेल तर भरल्याची तारीख शोध. ‘जुनी तितकी चांगली’ हे फार थोड्या आणि फार महागड्या वाइनला लागू आहे, आपल्या बजेटातल्या एकाही बाटलीला नाही.

आता कुठली? माझं मत विचारशील तर शेनिन ब्लां. हे द्राक्ष मूळ फ्रान्समधल्या ल्वार खोऱ्यातलं, पण आपल्याकडे रुळलं. वेलीला उतारा भरपूर, आणि उष्ण हवेतही आंबटपणा बऱ्यापैकी टिकून राहतो, म्हणून स्वस्तातही वाइन चांगली होते. सव्हिन्यों ब्लां त्याहून थोडी महाग पडते. लाल हवी असेल तर साधी शिराझ, पण लाकडी पिंपात मुरवलेली ‘रिझर्व्ह’ वगैरे नको. त्या पिंपाचे पैसे आपण भरायचे आणि वास मात्र व्हॅनिलाचा.

आपल्या सगळ्यात जवळची मोठी वायनरी कर्नाटकात नाही, सोलापूर जिल्ह्यात आहे. अकलूजच्या मोहिते-पाटलांनी इटलीच्या सेच्ची बंधूंबरोबर आणि दिल्लीच्या सेखरी बंधूंबरोबर 2007 साली फ्रातेल्ली सुरू केली. सोलापूर म्हटलं की आपल्याला नान्नजच्या नानासाहेब काळ्यांची सोनाका आठवते, पण ती खायची जात. पातळ सालीच्या, गोड, बिनबियांच्या द्राक्षाची वाइन मिळमिळीत होते. विजापूरकडची बहुतेक द्राक्षंही खाण्यात आणि बेदाण्यात जातात. कर्नाटकातलं जुनं नाव ग्रोव्हर, बंगळूरजवळ दोड्डबळ्ळापूरला, 1988 पासून. सुलाचा माल नाशिकचाही आहे आणि कर्नाटकात तयार झालेलाही. या तिघांच्या खालच्या पायरीवरच्या बाटल्या आधी चाखून बघा.

योगायोग बघ, 2007 साली जुलैपासून आपल्या राज्यात साराय, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद झाली आणि त्याच वर्षी सरकारने वाइनचं धोरण आणलं. गरिबाचा ग्लास काढून घेतला आणि दुसऱ्याच कुणाच्या हातात नवा दिला, असं मला तेव्हाही वाटलं होतं. असो, तो विषय पत्रात मावणार नाही.

सीमेपलीकडच्या उदगीरहून आणावी असा विचार तुझ्या डोक्यात येईलच, हाकेच्या अंतरावर आहे. त्या नादाला लागू नकोस. बाटलीवर राज्याचा शिक्का असतो, आणि परराज्यातली दारू आणायला अबकारी खात्याचा परवाना लागतो. परदेशी वाइनचंही तेच, नाद नको. आयात शुल्क वर्षानुवर्षं दीडशे टक्के होतं. ऑस्ट्रेलियाशी केलेल्या करारात डिसेंबर 2022 पासून सवलत मिळाली, तीही पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला. म्हणजे हजाराच्या आत ऑस्ट्रेलियाची बाटली दिसलीच, तर त्यात वाइनचे पैसे किती आणि कराचे किती, याचा हिशेब तूच कर, बँकेत आहेस.

‘पोर्ट’ लिहिलेली स्वस्त गोड लाल बाटली सगळीकडे मिळते. पोर्तुगालच्या पोर्टशी तिचा संबंध नावापुरता. बर्फ घालून प्यायला माझी ना नाही, पण जेवणाबरोबर नको.

जेवणाचं म्हणशील तर कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी यांच्यापुढे लाल वाइनचा तुरटपणा तिखटाला चेव आणतो. किंचित गोडसर शेनिन किंवा गुलाबी झिनफांडेल तिखट शमवते. पांढरी फ्रीजमधून काढून थेट प्या. लाल वाइन घरातल्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ते घर युरोपातलं, सोळा-अठरा अंशांचं. आपण लालही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायची.

फिरकीच्या झाकणाची बाटली घे. साडेसातशे मिलीत पाच ग्लास होतात, दोघांनी एक-एक घेऊन झाकण लावलं की फ्रीजमध्ये तीन दिवस सहज राहते. उरलेली आमटीत घालू नकोस, मटणात घाल.

आणि हो, लग्नात आम्ही दिलेली बिदरी सुरई. सूनबाईंना त्यात वाइन ओतायची हौस आहे असं कळलं. ओतू देऊ नकोस. बिदरीचा धातू बहुतांश जस्ताचा, त्यात थोडं तांबं. आंबट वाइन जस्ताला लागली की जस्त तिच्यात उतरतं, आणि ते पोटात जाणं बरं नाही. सुरई शोकेसमध्येच शोभते.

या महिन्यात शेनिनच्या दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या घ्या, एकाच शनिवारी शेजारी ठेवून चाखा. कुठली आवडली ते कळव, आणि बिदरला कुठल्या दुकानात ताजा माल सापडला तेही नक्की लिही. मलाही उपयोगी पडेल.

तुझा,
मामा