बोनाफाईडची तृतीया

‘बोना फाईड’ ही लॅटिन भाषेतली दोन शब्दांची जोडी. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यात ती एका दमात, एकच शब्द असल्यासारखी म्हटली जाते: बोनाफाईड. दहावी-बारावीचे निकाल लागले आणि शाळा उघडल्या की झेरॉक्सच्या दुकानात, एसटीच्या थांब्यावर, शाळेच्या कचेरीबाहेरच्या पायरीवर हा शब्द सारखा कानांवर पडतो. बोनाफाईड काढलं का? बोनाफाईडला फोटो लागतोय का? सर मीटिंगला गेलेत, सही दुपारून मिळंल. सराटी, सुरवड, वडापुरीकडची पोरे हातात प्लास्टिकची फाईल धरून ताटकळत असतात. आषाढाच्या पहिल्या दिवसांत याच रस्त्याने तुकोबांची पालखी इंदापूरहून सराटीकडे जाते, नीरेत पादुकांना स्नान होते आणि सोहळा पुणे जिल्हा सोडतो. रस्त्यावर अभंग आणि पायरीवर लॅटिन, असा तो आठवडा असतो. दोन्हींपैकी कशाचेही कुणाला नवल वाटत नाही.

मराठीत दाखला मिळवत नाहीत, काढतात. विहिरीतून पाणी काढतात, रानातला कांदा काढतात, सोसायटीचे कर्ज काढतात, आणि त्याच क्रियापदाने बोनाफाईडही काढतात. आत कुठेतरी आहे खरे, पण ओढल्याशिवाय वर येत नाही, अशा गोष्टींसाठी हे क्रियापद; शाळेच्या कचेरीला ते चपखल बसते. काढलेल्या कागदाला कामे पुष्कळ. त्याच्यावर एसटीचा विद्यार्थी पास मिळतो, ज्यात भाड्याचा साधारण तिसरा हिस्साच भरावा लागतो. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत तोही भरावा लागत नाही. वसतिगृह, शिष्यवृत्ती, बँकेचे खाते, जातीच्या दाखल्याचा अर्ज, सगळीकडे तो जोडावा लागतो.

इंग्रजी नमुन्यात या कागदावरचे मुख्य वाक्य बहुतेक ठिकाणी एकाच साच्याचे असते: धिस इज टु सर्टिफाय दॅट अमुक तमुक इज अ बोना फाईड स्टुडंट ऑफ धिस स्कूल. या वाक्यात लॅटिन जोडी तिच्या योग्य जागी आहे. ती ‘स्टुडंट’ या नामाचे विशेषण आहे आणि अर्थ असा, की हा मुलगा खरोखरीचा, नावापुरता नसलेला विद्यार्थी आहे. पटावर नाव असणे आणि वर्गात असणे यांत फरक पडू शकतो, हे गृहीत धरूनच हे विशेषण घातलेले आहे. इंदापूर-बारामतीच्या ऊसपट्ट्यात हा फरक दर हंगामात दिसतो. दिवाळीच्या आसपास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाशेजारी कोप्या पडतात, आणि टोळीबरोबर आलेल्या मुलाचे नाव एका जिल्ह्याच्या पटावर तर मूल दुसऱ्या जिल्ह्याच्या पाचटात असते. त्याच्यासाठी साखरशाळा निघाल्या, मग शिक्षण हमी कार्ड आले. अशा मुलाच्या बाबतीत ‘बोना फाईड’ हे दोन शब्द उमटवताना मुख्याध्यापकाला पेन क्षणभर थांबवावे लागते.

पुढे मात्र या विशेषणाने जागा सोडली. ‘बोना फाईड स्टुडंट असल्याचे सर्टिफिकेट’ हे लांबलचक नाव भारतीय इंग्रजीने आखूड करून ‘बोनाफाईड सर्टिफिकेट’ केले. आता खरा कोण ठरला? विद्यार्थी नव्हे, कागद. इंग्रजीच्या व्याकरणाने पाहिले तर ‘बोना फाईड सर्टिफिकेट’ म्हणजे बनावट नसलेले सर्टिफिकेट, आणि ज्या देशांत हा दाखला या नावाने ओळखला जात नाही तिथल्या वाचकाला हाच अर्थ आधी सुचेल. मराठीने त्यापुढची पायरी गाठली: सर्टिफिकेटही गाळले आणि उरलेले विशेषण नाम म्हणून वापरायला घेतले. मराठीला ही खोड जुनीच आहे. गावनमुना सात आणि गावनमुना बारा यांचा एकत्र उतारा तो ‘सातबारा’, आकड्यांचेच नाम झाले. डोमिसाईल काढतात, नॉन-क्रिमिलेअर काढतात. मागचा कागद कुणी उच्चारत नाही. लिंग मात्र त्या न उच्चारलेल्या कागदावरून ठरते. मनात सर्टिफिकेट असेल तर ‘बोनाफाईड मिळालं’, मनात दाखला असेल तर ‘बोनाफाईड मिळाला’. गाळलेला शब्द असा क्रियापदाच्या शेवटात जिवंत राहतो.

मूळ लॅटिनमध्ये या जोडीत नाम आहे आणि ते स्त्रीलिंगी आहे. ‘फिदेस’ म्हणजे विश्वास, शब्दाला जागणे, इमान. ‘बोनुस’ म्हणजे चांगला, त्याचे स्त्रीलिंग ‘बोन’, शेवटचा स्वर ऱ्हस्व. दोन्ही मिळून ‘बोन फिदेस’, चांगली निष्ठा. ही झाली प्रथमा. वाक्यात ‘निष्ठेने’ म्हणायचे झाले की विभक्ती बदलते आणि रूप होते ‘बोना फिदे’, दोन्ही शेवट दीर्घ. संस्कृतात वेगळ्या असलेल्या तृतीया आणि पंचमी लॅटिनमध्ये एकाच विभक्तीत मिसळल्या. इथे काम आहे ते तृतीयेचे. पाचवी-सहावीत ‘ने, ए, शी’ पाठ केलेल्या मुलाला हे समजावून सांगायला फार वेळ लागू नये: चांगली निष्ठा, चांगल्या निष्ठेने. मराठीत नामाला ‘ने’ लागला की आधीचे ‘चांगली’ आपोआप ‘चांगल्या’ होते, तसेच लॅटिनमध्येही विशेषण नामाबरोबर वाकते. गंमत म्हणजे ‘बोन’ आणि ‘बोना’ यांतला ऱ्हस्व-दीर्घाचा फरक रोमन लिपीत साध्या छपाईत दिसतच नाही. देवनागरीत तो न सांगता दिसतो.

तृतीया लक्षात ठेवली की इंग्रजीतला वापर पुष्कळसा सुटतो. इंग्रजीत ही जोडी सोळाव्या शतकात कायद्याच्या भाषेतून आली ती क्रियाविशेषण म्हणून, म्हणजे तृतीयेचा अर्थ जसाच्या तसा घेऊन. ‘ही ॲक्टेड बोना फाईड’: तो सचोटीने वागला. विशेषणाचा वापर नंतरचा, अठराव्या शतकाच्या अखेरीचा, आणि आज तोच जास्त चालतो. ‘अ बोना फाईड ऑफर’ म्हणजे मनापासून दिलेला देकार, भाव पाडण्यासाठी मधेच उठवलेला नव्हे. ‘अ बोना फाईड फार्मर’ म्हणजे जमीन नुसती नावावर नसून खरोखर कसणारा. विशेषण म्हणून ते नामाच्या आधी शोभते. ‘ही इज बोना फाईड’ असे कुणी प्रामाणिक माणसाचे वर्णन करू लागला तर ते कानाला खटकते. तिथे ‘ऑनेस्ट’ हा साधा शब्द हजर असतो. ‘व्हेरी बोना फाईड’ हेही तसेच. निष्ठेने म्हटल्यावर फार निष्ठेने म्हणायला जागा उरत नाही.

नाम हवे असेल तर इंग्रजीत प्रथमेचे रूप घेतात, ‘बोना फाईड्स’, आणि इथे चांगले चांगले फसतात. शेवटचा ‘स’ अनेकवचनाचा नव्हे. ‘फिदेस’मधला आहे, मुळातला, एकवचनी. म्हणून काटेकोर लेखक ‘हिज बोना फाईड्स वॉज नॉट इन डाउट’ असे लिहितात. पण ‘स’ दिसला की अनेकवचन, ही इंग्रजीची सवय इतकी पक्की, की आता ‘वेअर’ही सर्रास छापले जाते आणि त्याचा अर्थही ‘ओळखीची कागदपत्रे, पात्रतेचे पुरावे’ असा पसरला आहे. बावड्यातल्या प्लास्टिकच्या फाईलमध्ये असते ते, या नव्या अर्थाने, बरोबर बोना फाईड्सच.

लेखनात हे दोन शब्द आहेत आणि मध्ये जागा सोडायची असते. आपल्याकडच्या छापील दाखल्यांवर ती बहुधा नसते. अर्जांमध्ये आणखी एक रूप भेटते, ज्यात शेवटच्या ‘डी’ आणि ‘ई’ यांची अदलाबदल होऊन शब्द ‘सर्टिफाईड’च्या वळणावर जातो, जणू ‘बोनाफाय’ नावाचे क्रियापद आहे आणि ती क्रिया विद्यार्थ्यावर होऊन गेलेली आहे. चूक खरी, पण कचेरीच्या पायरीवर तीन वेळा परत आलेल्या माणसाला ती अगदीच निराधार वाटणार नाही. उच्चाराचे तर तीन घाट आहेत. रोमन माणूस म्हणे ‘बोना फिदे’. जुन्या वळणाचे ब्रिटिश म्हणतात ‘बोना फायडी’. अमेरिकेत आणि भारतात ‘बोना फाईड’. यात चूक-बरोबर काही नाही. ‘बोनाफाईट’ मात्र चौथा घाट म्हणून धरता येत नाही, ऐकू येत असला तरी.

हा शब्द शाळेत आला तो कायद्याकडून, आणि कायद्याने तो रोमनांकडून घेतला. रोममध्ये फिदेस ही देवता होती, कॅपिटोल टेकडीवर तिचे देऊळ होते, आणि तिच्या पूजेला पुजारी उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळून जात. शब्द देताना पुढे होतो तो उजवा हातच. बेल-भंडारा उचलून शपथ घेणाऱ्या मुलखाला हे परके वाटू नये. रोमन कायद्यात खरेदी-विक्री, भाडेपट्टा, भागीदारी यांसारख्या दाव्यांत न्यायाधीशाला नुसती अक्षरे न पाहता चांगल्या निष्ठेला धरून काय देणे लागते ते ठरवता येई. करारातली अक्षरे आणि करार करणाऱ्याचे मन यांत अंतर असू शकते, ही जाणीव त्या दोन शब्दांत आहे.

नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात ही जाणीव जमिनीच्या निमित्ताने आली. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या ३१ व्या कलमात जमीनमालकाला कुळाकडून जमीन परत मागण्याची मुभा होती, पण जातीने कसण्यासाठी मागायची तर ती ‘बोना फाईड’ हवी असावी लागे. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला, कूळ हेच मालक मानले गेले, आणि त्याआधीची गडबड या दोन शब्दांभोवती होती: मालकाला खरेच नांगर धरायचा आहे, की कूळ घालवायचे आहे? शहरात हाच प्रश्न घरमालक आणि भाडेकरू यांच्यात पडतो. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमातही घरमालकाची गरज रास्त आणि ‘बोना फाईड’ असावी लागते. उलट बाजूचा शब्द ‘माला फिदे’, वाईट निष्ठेने. मराठी बातम्यांत त्याला ‘कुहेतूने’ म्हणतात, आणि हा मराठी शब्द लॅटिनपेक्षा चांगला उतरला आहे.

‘बोना फिदे’चे इंग्रजी रूपांतर ‘गुड फेथ’, मराठी कायद्यात ‘सद्भाव’. आणि इथे एक खाच आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या ५२ व्या कलमाप्रमाणे, योग्य काळजी आणि लक्ष न देता केलेले काही सद्भावाने केलेले धरत नसत. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने ही व्याख्या आपल्या दुसऱ्या कलमात तशीच ठेवली. १८९७ चा सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम मात्र सांगतो, की गोष्ट प्रामाणिकपणे केलेली असली की पुरे, हलगर्जी झाली असली तरी ती सद्भावानेच केली असे समजावे. एकच शब्द, एका कायद्यात डोळे उघडे हवेत, दुसऱ्यात मन साफ असले की भागते. समजा, एखाद्या मुख्याध्यापकाने, मुलगा ओळखीचा आहे, शाळेतच असणार, असे मनापासून मानून जनरल रजिस्टर न उघडता दाखल्यावर सही केली, आणि मुलगा मागच्याच महिन्यात नाव काढून अकलूजला गेलेला निघाला. १८९७ च्या व्याख्येने पाहिले तर ही सही बोना फाईड. १८६० च्या व्याख्येने तो बोनाफाईड बोना फाईड दिलेला नाही. हे वाक्य इंग्रजीत नीट लिहिता येणार नाही. मराठीत येते, कारण मराठीने कागदाला नाम आणि वृत्तीला तृतीया असे दोन्ही एकाच शब्दातून काढून घेतले आहे.

या जोडीची भावंडेही गावात आहेत, फक्त वेगवेगळ्या दारांनी आलेली. ‘बोनुस’ साखर कारखान्याच्या दाराने आला आणि दिवाळीचा बोनस झाला. कायद्याने तो कमीत कमी ८.३३ टक्के. ‘फिदेस’ तहसीलच्या दाराने आली, मध्ययुगीन लॅटिनच्या एका क्रियापदात बसून: ‘ॲफिडेव्हिट’, म्हणजे ‘त्याने शपथेवर सांगितले आहे’, अख्खे वाक्यच. इंदापूरला तहसील कचेरीत नावातला फरक दुरुस्त करायला जाणारा माणूस ‘ॲफिडेव्हिट करून आणतो’ तेव्हा तो एक लॅटिन क्रियापद, तृतीय पुरुषी, एकवचनी, भूतकाळी, बगलेत मारून आणत असतो.

शाळेच्या दाखल्यावर शेवटी, गोल शिक्क्याच्या वर, एक ओळ मोकळी सोडलेली असते: कशासाठी दिला. बावड्यात जूनमध्ये तिथे बहुतेक वेळा दोनच शब्द लिहिले जातात, एसटी पास.