डोक्यावर घड्याळ, तोंडात लगाम

संयम म्हटलं की आपल्याला काय आठवतं? उपास, मौन, फार तर दुसरी जिलबी नको म्हणणं. पीटर ब्रूगेलने १५६० साली काढलेला संयम मात्र थेट वर्कशॉपमधून उठून आल्यासारखा दिसतो.

अँटवर्पच्या हिएरोनिमुस कॉक या प्रकाशकासाठी ब्रूगेलने आधी सात पापं काढली आणि मग १५५९-६० मध्ये ख्रिस्ती परंपरेतले सात सद्गुण: श्रद्धा, आशा, प्रेम, विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. चित्रं तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापली जात, म्हणजे एका प्रतीवर भागायचं नाही. संयमाचं मूळ रेखाटन रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयाचं. नेदरलँड्समध्ये राहणाऱ्या माझ्यासारख्याला हे शेजारचंच!

मधोमध एक बाई उभी. डोक्यावर चक्क घड्याळ, तोंडात लगाम, हातात चष्मा, कमरेला पट्ट्यासारखा साप, पायाखाली पवनचक्कीचं पातं. घड्याळच का? तर वजनावर चालणाऱ्या घड्याळातलं वजन धाडकन खाली यायला टपलेलं असतं. एक छोटा अडसर त्याला दर ठोक्याला अडवतो आणि थोडंसंच सोडतो. त्या अडवण्यातूनच वेळ मोजली जाते. कंट्रोल सिस्टिम्समध्ये पीएचडी केलेल्या माणसाला यापेक्षा नेमकी व्याख्या कुठे मिळणार! वजन काढून टाकलं तर घड्याळ बंदच पडेल. म्हणजे इथे ओढ मारायची नाहीये, तिला कामाला लावायचंय. (पवनचक्कीचं आणि वाऱ्याचंही तेच.)

बाईभोवती सगळी मोजमापाची गर्दी. कुणी हिशेब करतोय, कुणी गातोय, मास्तर पोरांना वाचायला शिकवतायत, कुणी ओळंबा लावून खांब तपासतोय, एकजण तर पृथ्वीच्या गोलावर चढून आकाशाला कंपास लावतोय.

आणि त्याच भूमितीवाल्यांच्या घोळक्यात एक तोफ आहे.

तिथे मी दर वेळी अडखळतो. आमच्या प्रयोगशाळेत मध्यंतरी संरक्षण खात्याच्या पैशावरचा प्रकल्प आला होता. समीकरणं तीच, जी मी पवनचक्क्यांसाठी वापरतो. मी नाही म्हटलं. शेजारच्या टेबलावरच्या मित्राने हो म्हटलं, आणि तो माझ्याहून बेशिस्त किंवा वाईट माणूस मुळीच नाही. नेम धरणाऱ्यालाही संयम लागतोच की!

ब्रूगेल तोफेची टिंगल करत होता की कौतुक? काही जाणकार म्हणतात की तो फक्त त्या काळच्या विद्यांची यादी काढत होता. मला ते पटत नाही. याच मालिकेतला 'न्याय' बघा. डोळ्यांवर पट्टी, हातात तलवार आणि तराजू घेतलेली बाई मधोमध, आणि तिच्या आजूबाजूला काय? माणसाला ताणून त्याच्या तोंडात पाणी ओततायत, फटके मारतायत, मागे फासावर लटकलेली प्रेतं. कारकून बाजूला बसून सगळं व्यवस्थित लिहून घेतोय.

तो कारकून मला तोफेपेक्षाही जास्त ओळखीचा वाटतो.