गौरी-गणपतीमधला पडदा

कोकणातल्या सणांचे जेवण म्हटले, की लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे नारळी-पोफळीची बाग, केळीचे पान आणि त्यावर तूप सोडलेला उकडीचा मोदक उभा राहतो. आमचे महाड-पोलादपूर या चित्रात नीटसे बसत नाही. समुद्र आम्हांला दूर. जवळची ती महाबळेश्वरावरून उतरणारी सावित्री, आणि आंबेनळी व कशेडी हे दोन घाट. खाचरात भात आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी, एवढ्या धान्यावर इथल्या कुणबी घरांनी आपले सण उभे केले.

त्या सणांचे ताट पावसाच्या आणि शेतीच्या हिशेबाने बदलत जाते. नागपंचमीला काही चिरायचे नाही, चुलीवर तवा ठेवायचा नाही. तेव्हा हळदीच्या पानांत पातोळ्या वाफवायच्या, कारण हळदीची पाने याच दिवसांत हातभर झालेली असतात. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. म्हणून परसातल्या अळूची, भोपळ्याची, कंदमुळांची भाजी. दिवाळीच्या पहाटे अंगठ्याखाली कारीट फोडले, की नव्या भाताचे पोहे. फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी दारी येते तेव्हा पुरणपोळी. ज्याने चिखलात लावणी केली, त्याला यातली कोणतीही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

पण आमच्याकडचा खरा मोठा सण गौरीचा. मुंबईचा चाकरमानी एरवी कुलूप असलेले घर उघडतो तो शिमग्याला, नाहीतर या दिवसांत. रानातून तेरडा आणायचा, त्याची गौर करायची, तिला उंबऱ्यावर ओवाळून घरात घ्यायचे. ही देवी पाहुणी म्हणून येत नाही; ती माहेरवाशीण आहे. पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, कारण दमून आलेल्या लेकीपुढे घरात असेल ते ठेवतात. दुसऱ्या दिवशी मात्र तिचे कोडकौतुक. काही घरांत ते पुरणावरणाचे, आणि आमच्यासारख्या अनेक घरांत तिखटाचे: कोंबडी किंवा मटण, सोबत वडे, तांदळाची भाकरी.

आता अडचण अशी, की त्याच माजघरात गणपती बसलेला असतो आणि त्याला हे चालत नाही. यावर आमच्या पूर्वजांनी काढलेला उपाय म्हणजे एक पडदा. गौरीपुढे ताट यायच्या आधी दोघांच्या मध्ये एखादे जुने लुगडे किंवा चादर बांधायची. गणपतीने पाहायचे नाही, गौरीने संकोचायचे नाही. नैवेद्य झाला की पडदा सोडायचा आणि दोघांची आरती करायची. धर्मशास्त्राच्या कोणत्या पोथीत याला आधार आहे, हे आमच्याकडे कोणी विचारले नाही.

अलीकडे विचारू लागले आहेत. शहरात वाढलेल्या आमच्याच भावकीतल्या मुलांना या ताटाची लाज वाटते. शेजारी काय म्हणतील, देवाला असले कसे चालते, आपणही आता पुरणाचेच करू या, असे सुचवले जाते. काही घरांनी तसे केलेही. ज्यांच्या घरी पिढ्यान्पिढ्या पुरण आहे, त्यांच्याविषयी आमची तक्रार नाही. पण लाजेपोटी बदललेल्या नैवेद्याविषयी आहे. आमच्या थोरल्या काकूंनी एका वाक्यात निकाल दिला होता: "माहेरी आलेल्या लेकीला काय आवडतं ते तिला विचारावं, शेजाऱ्यांना नव्हे."

हा वाद घरगुती वाटतो. तो महाडच्या परिसरात चालावा, यात मात्र योगायोगापेक्षा अधिक काही आहे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. पंचांग मागे मोजत गेले तर फाल्गुनी पौर्णिमा १८ मार्चला येते. म्हणजे ते शिमग्याचे दिवस होते. २० तारखेला परिषदेचे लोक चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्याले. पाठोपाठ, हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जमाव मंडपावर चालून गेला. लोकांना मारहाण झाली, त्यांचे अन्न मातीत मिसळले गेले. पुढे पंचगव्याच्या १०८ घागरी ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. त्या पाण्यावरचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने मान्य करेपर्यंत १९३७ साल उजाडले.

या दोन गोष्टींचे मोजमाप एक नव्हे. आमच्या माजघरात कोणाला मार बसलेला नाही. उलट आमच्या आजोबांच्या काळी सणाच्या पंगतीत गावाच्या एका टोकाची माणसे नसत. त्यांचे अन्न अंगणाबाहेर दिले जाई, हेही आम्ही ऐकून आहोत. पण शिडी तीच आहे. आपले ताट कमी शुद्ध म्हणून लपवणारा, दुसऱ्याचे ताट त्याहून अशुद्ध ठरवण्याचा अधिकारही त्याच क्षणी मान्य करतो. वरच्या पायरीकडे पाहून लाजणे आणि खालच्या पायरीला हिणवणे, ही एकाच सवयीची दोन टोके होत.

म्हणून तो पडदा आम्हांला मोलाचा वाटतो. त्यात एक अदब आहे: एका छपराखाली दोन देव, दोघांची जेवणे वेगळी, आणि तरी कोणाला घराबाहेर जा म्हटलेले नाही. आजोबांना ही अदब देवांच्या बाबतीत साधली, माणसांच्या बाबतीत साधली नाही. आमच्या पिढीला राहिलेले काम तेवढेच. यंदाही गौरीला तिखटाचा नैवेद्य होईल, पडदा बांधला जाईल. आणि पंगत मांडताना अंगणाबाहेर कोणी उभे नाही ना, हे आम्ही आधी पाहू.