शेवटचे पन्नास हात

प्रकाशाचा वेग सेकंदास सुमारें ३ लक्ष किलोमीटर असतो व कांचेंतून जातांना तो २ लक्षांच्या घरांत येतो, हें शाळेच्या पुस्तकांत बहुतेकांनीं वाचलेलें असतें. मुंबईहून निघालेल्या किरणास कांचेच्या धाग्यांतून पुण्यास यावयास सेकंदाचा सुमारें हजारावा भाग पुरतो. परंतु आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरील खांबापासून आमच्या बैठकीच्या खोलीपर्यंतचें पन्नास हातांचें अंतर कापावयास त्याच प्रकाशास यंदा अठरा दिवस लागले. यांत शास्त्राचा अपराध कांहींच नव्हता. विलंब झाला तो भिंती, गच्च्या आणि माणसें यांच्यामुळें. आणि हा विलंब सर्वस्वीं वाईट होता असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं.

ज्या धाग्याची ही हकीकत, तो आमच्या गांवास परका नव्हे. कांचेच्या तंतूंच्या जुडींतून चित्र नेतां येतें, असें पंजाबांत मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं आपले गुरु हॉपकिन्स यांजसह लंडन येथें १९५४ सालीं दाखवून दिलें. पण तेव्हांच्या कांचेंत प्रकाश थोड्याच अंतरांत विझे. दोष कांचेचा नसून तींतील मळाचा आहे, तो काढला तर प्रकाश कोसच्या कोस जाईल, असें चार्ल्स काओ व जॉर्ज हॉकहॅम यांनीं १९६६ सालीं मांडलें. काओ यांस त्याबद्दल २००९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९७० सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कारखान्यानें असा तंतु काढला, कीं एका किलोमीटरअंतीं मूळ प्रकाशाचे शंभरांपैकीं दोन भाग उरत. आज नव्वदांहून अधिक उरतात. आपल्या देशांत शहरांतल्या शहरांत दूरध्वनीसाठीं प्रकाशतंतु प्रथम वापरांत आला तो पुण्यांतच, १९७९ सालीं. तेथून आमच्या खांबापर्यंत येण्यास त्यास चाळीस वर्षांहून अधिक काळ लागला, त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें पुढल्या पन्नास हातांविषयीं.

आमचें घर एका जुन्या पेठेंत आहे. येथें घरें एकमेकांस खेटून उभीं असतात. गल्ली खणून जमिनीखालून तार आणावी, तर त्यास महापालिकेची परवानगी हवी आणि खोदकामाचा खर्च हवा. एका घरासाठीं तो कोणतीही कंपनी करीत नाहीं. तेव्हां तार यावयाची ती वरून, म्हणजे शेजाऱ्याच्या गच्चीवरून. कंपनीच्या माणसानें खालूनच वर पाहून सांगितलें, “दहा मिनिटांचें काम आहे. गच्चीवरून टाकून देतों.” गच्ची कोणाची, हा प्रश्न त्याच्या मनास शिवलाच नव्हता. त्यास दोष तरी कां द्यावा? त्याची मजुरी दिवसावर नसून जोडणीवर होती, असें त्यानेंच आम्हांस सांगितलें. ज्याला दिवसांत पांच घरें उरकावयाचीं, त्यानें परवानग्या मागत फिरावें कधीं?

आम्ही शेजारच्या काकूंकडे गेलों. काकू ऐंशीच्या घरांतल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांनीं आमचें म्हणणें शांतपणें ऐकून घेतलें व म्हणाल्या, “आजपर्यंत चार तारा माझ्या गच्चीवरून गेल्या, पण विचारायला कोणी आलें नाहीं. तुम्ही आलांत, म्हणून तुम्हांला तरी अट घालतां येते.” मग त्यांनीं आम्हांस वर नेलें. वाळवण घालावयाच्या जागेवरूनच त्या चार तारा आडव्या गेल्या होत्या, गुडघ्याइतक्या उंचीवर. दोन वर्षांपूर्वीं कुरडया काढावयास गेलेल्या काकू त्यांतल्याच एकीस अडखळून पडल्या आणि उजवें मनगट मोडलें. तें सरळ जुळलें नव्हतें. त्यानंतर त्यांनीं वाळवण घालणेंच सोडून दिलें. त्यांची अट एवढीच, कीं मेलेल्या तारा आधीं काढाव्या आणि नवी तार कठड्याच्या कडेनें न्यावी.

अट न्याय्य होती. पण ती पुरी करणें सोपें नव्हतें. आम्हीं कंपनीच्या कचेरींत विचारलें, तेव्हां जुन्या तारा आमच्या नव्हेत, तें तुम्ही घरमालकांनीं आपसांत पाहावें, असें उत्तर मिळालें. मग तारांचे वारस शोधण्यांत बरेच दिवस गेले. एक तांब्याची, जुन्या दूरध्वनीची. ज्या घरीं ती जात होती तेथें आतां कुलूप आहे. दोन दूरदर्शनसंचाच्या केबलच्या. एका घरानें जोडणी केव्हांच सोडली होती, दुसऱ्यानें तशीच ठेवली होती. चौथी कोठून येते व कोठें जाते, हें कोणासच सांगतां आलें नाहीं. माणसाच्या मरणाची नोंद होते. तारेच्या मरणाची नोंद कोणी ठेवीत नाहीं. म्हणून आमच्या शहरांच्या खांबांवर व झाडांवर जिवंत तारांपेक्षां मृत तारांचेंच ओझें अधिक असावें, असा आमचा संशय आहे.

आपल्याकडे १८८२ सालीं सुविधाधिकाराचा कायदा झाला. एखाद्या खिडकींतून वीस वर्षें बिनहरकत उजेड येत असला, तर तो अडविण्याचा अधिकार शेजाऱ्यास राहत नाहीं, असें तो सांगतो. त्या वेळचा उजेड आकाशांतून येई. आतां उजेड तारेंतून येतो आणि त्यासाठीं २०२३ सालीं दूरसंचाराचा नवा कायदा झाला; त्यांत खाजगी जागेवरून तार नेण्यासाठीं मालकाशीं करार करण्याची सोय आहे. हें सर्व ठीकच आहे. पण मोडलेल्या मनगटाची दाद या कलमांतून लावावयाची, तर काकूंनीं प्रथम तारेचा धनी शोधून काढावयास हवा. जो विचारावयास येतो, त्याचें नांव ठाऊक असतें. जो न विचारतां जातो, तो निनांवीच राहतो. विचारणें याचा अर्थ आम्हांस येथें कळला: परवानगी मागणारा आपलें नांव व आपली जबाबदारी दुसऱ्याच्या हातीं ठेवून येतो.

शेवटीं दोन तारा निघाल्या. जिवंत तार कठड्याकडे सरकविली. निनांवी तारही कापण्याचें धैर्य न झाल्यामुळें तिच्याच शेजारीं बांधली. हें काम त्याच कंपनीच्या तरुणानें आपल्या सुटीच्या दिवशीं वेगळी मजुरी घेऊन केलें. तो कठड्यावर चढूं लागला, तेव्हां कमरेस पट्टा नव्हता. पट्टा बांधण्यास वेळ जातो, म्हणाला. त्या दिवशीं घाई नव्हती. पट्टा बांधला गेला आणि शिडी आम्हीं धरली.

मग प्रत्यक्ष जोडणीचें काम आलें, तें खरोखरच तासाभराचें होतें. तरी घरधन्यास त्यांतील दोनचार गोष्टी ठाऊक असाव्या. भिंतीस भोंक पाडावयाचें तें बाहेरच्या बाजूस उतरतें असावें. नाहींतर पहिल्याच पावसांत पाणी आंत येतें. तार भोंकांत शिरण्यापूर्वीं तिला खालीं झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून ओघळलेलें पाणी तेथेंच गळतें. कांचेचा साधा धागा बांगडीहून लहान वळण सोशीत नाहीं. वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. घरांत आणावयाच्या नव्या जातीस याहून लहान वळण चालतें, पण काटकोन तिलाही मानवत नाहीं. राऊटर कपाटांत लपवूं नये. आणि भोंक कोठें पाडावयाचें हें आधींच ठरवून ठेवावें. कारण भिंत आयुष्यभर आपल्यासमोर राहावयाची असते, कारागीर तासाभरानें निघून जातो.

आतां एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतों. खांबावरील डबींत एकच धागा येतो आणि तेथें त्यांतील प्रकाश विजेच्या मदतीवांचून बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वांटला जातो. येणारा प्रकाश सर्व घरांस सारखाच जातो. माझ्यासाठीं वेगळा, काकूंच्या नातवासाठीं वेगळा, असा भेद त्यांत नसतो. प्रत्येक घरांतील पेटी आपल्या नांवाचें तेवढें उचलते आणि दुसऱ्याचें सोडून देते. ज्यास आम्ही आपलें खाजगी म्हणतों, तें असें चौसष्टांच्या सामाईक उजेडांतून वेंचलेलें असतें. यंत्राच्या पेटीस ही रीत नियमानें बांधून दिलेली आहे. गल्लींतील माणसांनीं ती आपण होऊन पाळावयाची असते, आणि तिला आपल्याकडे फार जुनें नांव आहे, तें शेजारधर्म. या उन्हाळ्यांत काकूंच्या गच्चीवर पुन्हां वाळवण पडलें. अठरा दिवसांचा हिशेब आम्ही त्यांतच पुरा झाला असें समजतों.